बोंडूच्या चार पायऱ्या

बोंडू, आमचं कुत्र्याचं पिल्लू, घरी आला तेव्हा मार्च संपत आला होता. काजूचा मोसम ऐन भरात होता. मागच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, पिकलेल्या बोंडूंचा, काजूच्या फळांचा, आंबटगोड वास थेट सोप्यापर्यंत यायचा, आणि पिल्लाचा रंगही तसाच, पिवळ्यावर तांबूस झाक मारणारा. धाकटीने नाव तिथल्या तिथे ठरवून टाकलं. जातीने लॅब्रॅडॉर, वय ८ आठवडे, वजन साडेपाच किलो.

गोव्यात मांद्र्यातलं आमचं घर जुनं आहे. जांभ्या चिऱ्यांचं जोतं, अंगणातून सोप्यावर चढायला चार पायऱ्या, आत अलीकडे घातलेली गुळगुळीत फरशी. मागे माड, एक मोठा फणस आणि भाटाचा उतार. पिल्लाला हुंदडायला याहून चांगली जागा कुठे मिळणार, असं मला वाटत होतं. याच जागेतलं काय त्याच्या हाडांना चांगलं आणि काय वाईट, हे कळायला मला पुढचं सगळं वर्ष लागलं.

संध्याकाळचे सात वाजले की बोंडूच्या अंगात वारं शिरायचं. सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा, पायांना चावायचा, धाकटीचा फ्रॉक ओढायचा. उचलून घेतलं तर हातांना चावायचा. शेजारच्या वयस्क बाईंनी कुंपणापलीकडून सांगितलं, "तेका धावडय गो, मगे गप निजतलो." घरात येणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं हेच होतं. ऊर्जा जास्त आहे, दमवा, आपोआप शांत होईल. मग माझा मुलगा त्याला अंगणात तास-तासभर चेंडूमागे पळवू लागला. बोंडू पळायचा, जीभ लोंबेपर्यंत पळायचा. आणि रात्री आधीपेक्षा दुप्पट चावायचा.

पुढच्या लसीला गेले तेव्हा हे सगळं डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी चेंडूबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "चोवीस तासांत झोपतो किती?" मला सांगता येईना. घरी येऊन दोन दिवस वहीत लिहिलं. जेमतेम बारा तास भरले. या वयाच्या पिल्लाला अठरा ते वीस तास झोप लागते. आमच्या घरात मात्र सकाळपासून कोणी ना कोणी त्याला उठवत होतं, कोणी खेळवायला, कोणी फोटो काढायला. झोपेला आलेलं तान्हं मूल जसं किरकिरतं, हातपाय झाडतं, तसंच ते सात वाजताचं वारं होतं. आम्ही त्याला ऊर्जा समजत होतो, आणि तो थकवा होता.

मग सोप्याच्या कोपऱ्यात बांबूची ताटी उभी करून त्याची जागा केली. तासभर जागा राहिला की तिथे निजवायचं, वर पंखा, आणि तो आपण होऊन उठेपर्यंत कोणी हाक मारायची नाही. पहिले दोन दिवस रडला. आठवडाभरात संध्याकाळचं चावणं निम्म्यावर आलं. व्यायामाच्या गोष्टीची सुरुवात मी झोपेपासून करते आहे ती यासाठीच. हाडं आणि स्नायू वाढतात ते पिल्लू निजलेलं असताना, आणि ही बाजू सांभाळली नसती तर पुढचं काहीच जमलं नसतं.

लशी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे १६ आठवड्यांपर्यंत, त्याला रस्त्यावर जमिनीवर सोडायचं नव्हतं. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, आणि आमच्या वाड्यावर भटकी कुत्री भरपूर. पण पिल्लाचं मन जगाला सरावतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. तेवढे दिवस घरात कोंडून घातलं तर पुढे ते प्रत्येक आवाजाला भितं. म्हणून मी त्याला कडेवर घेऊन हिंडले. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों पों, कदंबाच्या बसचा हॉर्न, देवळातला ढोल, मासळीवालीची हाक, सगळं त्याने माझ्या खांद्यावरून ऐकलं. तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लसही टोचून घेतली. गोव्यात २०१४पासून मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन गावोगाव फिरतात, भटक्या कुत्र्यांना लस टोचतात, आणि २०२१मध्ये राज्य रेबीज नियंत्रित म्हणून जाहीरही झालं. तरी घरच्या कुत्र्याची लस ही आपलीच जबाबदारी.

त्याच दिवसांत डॉक्टरबाईंनी पायऱ्यांचा विषय काढला. नॉर्वेमध्ये लॅब्रॅडॉर, न्यूफाउंडलँड, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर बरीच वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा सांधा बिघडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आणि ज्यांना त्याच वयात पट्ट्याशिवाय, मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं फिरू दिलं होतं, त्यांच्यात ते कमी दिसलं. मला यातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. जपायचं म्हणजे बसवून ठेवायचं नाही. गवत, माती, उतार, पालापाचोळा, तिथे त्याच्या मनाने फिरू द्यायचं, आणि चिऱ्यांच्या चार पायऱ्या मात्र कडेवरून पार करायच्या.

साडेपाच किलोचं पिल्लू उचलणं सोपं असतं. मेअखेर तो चौदा किलोंचा झाला आणि माझी कंबर धरली. मग गावातल्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावलं. त्याने पायऱ्यांच्या एका बाजूला दहा फूट लांबीची रुंद फळी बसवली, तिच्यावर गोणपाट ठोकलं आणि कडेला बांबूचा कठडा लावला. पहिल्या दिवशी बोंडू फळीकडे बघायलाही तयार नव्हता. फळीवर वीतभर अंतराने उकडलेल्या रताळ्याचे तुकडे ठेवले. तिसऱ्या दिवशी चढला.

रस्त्यावरची फेरी सुरू झाली तीही मेअखेर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसांत. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना. अंग निववायचं ते धापा टाकून, जिभेवरची ओल वाऱ्यात उडवून. आपल्याकडे मे महिन्यात हवाच इतकी दमट की ती ओल उडतच नाही. पारा ३४ दाखवत असला तरी पिल्लाला तो कितीतरी जड जातो. म्हणून सकाळी सहाच्या आत बाहेर आणि संध्याकाळी सातनंतर. डांबरावर हाताची उलटी बाजू सात सेकंद ठेवायची. चटका बसून हात उचलावा लागला तर पंजेही भाजणार. सड्यावरचा जांभा तर सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ तापलेला असतो. एकदा संध्याकाळी साडेसहाला निघालो आणि बोंडू दहा पावलांवर बसला. तो हट्ट करतोय असं वाटून मी पट्टा ओढला. मग खाली हात लावून पाहिला आणि उचलून घरी आणलं. तेव्हापासून तो बसला की मी आधी जमीन तपासते.

लाळ चिकट आणि घट्ट होणं, हिरड्या लालभडक होणं, चाल डळमळणं, ही ऊन लागल्याची चिन्हं. अशा वेळी आधी अंगावर साधं नळाचं पाणी ओतायचं, वारा घालायचा, आणि मगच गाडी काढायची. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण सोप्याजवळच्या नळाला लांब पाइप कायम जोडलेला असतो.

फिरवायचं किती? सगळीकडे एक हिशेब सांगितला जातो. वयाचे जितके महिने तितक्या वेळा पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. चार महिन्यांच्या पिल्लाला वीस मिनिटं. मी घड्याळ लावून तो पाळत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आकडा धरा, पण त्याला वेद मानू नका. त्यामागे काही मोठं संशोधन नाही. ही मर्यादा आहे ती पट्टा लावून, कडक रस्त्यावर, तुमच्या चालीने चालवण्याची. भाटात तो स्वतः हुंगत, थांबत, लोळत फिरतो, त्याला हा हिशेब लावू नका." म्हणजे प्रश्न मिनिटांपेक्षा, वेग कोण ठरवतं याचा होता. पिल्लाने स्वतः ठरवला तर ते थांबतं. आपण ठरवला, किंवा चेंडूने ठरवला, तर थांबत नाही.

हे मी ऐकलं खरं, पण पुरतं मनात उतरलं ते जुलैमध्ये.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलै त्यातला सगळ्यात जड महिना. सहा-सहा दिवस उघडीप नाही. शेतातल्या तुंबलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो हा आजार पसरतो, तिथे न्यायचं नाही. भाटाचा उतार निसरडा. साडेपाच महिन्यांचा बोंडू घरात दारं ओरबाडायला लागला, आणि आम्ही पुन्हा चेंडू काढला. या वेळी आत, गुळगुळीत फरशीवर. चेंडू भिंतीवर आपटून परत यायचा, बोंडू वळताना चारही पाय पसरून घसरायचा, भिंतीला धडकायचा, पुन्हा उठून धावायचा. आम्ही सगळे हसत होतो. चार-पाच संध्याकाळी हे चाललं.

एका सकाळी उठला तो पुढचा डावा पाय टेकवेना.

त्या दिवशी म्हापशाला जाईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. शेजारून कोणीतरी माणसांची दुखण्याची गोळी अर्धी द्या म्हणालं होतं. ती दिली नाही हे फार बरं झालं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड खराब करतात, थोडक्या मात्रेतसुद्धा. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पायाचं एकेक हाड बोटांनी दाबत पाहिलं. सांधे वाकवले तेव्हा बोंडू गप्प होता. हाडाच्या मध्यावर दाब पडला तशी त्याने किंकाळी फोडली.

एक्स-रे उजेडासमोर धरून त्यांनी मला जे दाखवलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. हाडाच्या टोकाच्या थोडं अलीकडे एक काळी रेघ, जणू तिथे हाड कापलेलं आहे. मला वाटलं मोडलं. ती ग्रोथ प्लेट होती. वाढत्या पिल्लाची हाडं लांब होतात ती या पट्टीतून. तिथे अजून हाड नसतं, कूर्चा असते. मोठ्या कुत्र्याला उडी चुकली तर स्नायू किंवा सांध्याचा बंध दुखावतो. पिल्लात बंधापेक्षा ही पट्टी नाजूक, म्हणून मार तिच्यावर बसतो. पुढच्या पायात दोन हाडं शेजारी शेजारी वाढत असतात. एकाची पट्टी दुखावून वाढ थांबली की दुसरं लांबत राहतं आणि पाय धनुष्यासारखा वाकतो. लहान जातींत या पट्ट्या आठ-दहा महिन्यांत बंद होतात. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातींत वर्ष ते दीड वर्ष लागतं.

बोंडूच्या पट्ट्या शाबूत होत्या. हाडाच्या पोकळीत मात्र कापसासारखा धूसर डाग होता. त्याला पॅनऑस्टिआयटिस म्हणतात, वाढीच्या वयातली लांब हाडांची आतली सूज. मोठ्या जातींत पाच महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत दिसते, नरांत जास्त. आज हा पाय, पंधरा दिवसांनी तो पाय, असं लंगडणं हिंडत राहतं आणि वाढ झाली की आपोआप जातं. कारण अजून कोणालाच पक्कं ठाऊक नाही. डॉक्टरबाईंनी मला स्पष्ट सांगितलं की हे चेंडूमुळे झालेलं नाही. मी रडले. मग त्याच आवाजात त्या पुढे म्हणाल्या, "पण फरशीवरचा चेंडू आजपासून बंद. या वेळी पट्टी वाचली आहे."

त्यांनी कॅल्शियमच्या बाटलीबद्दलही विचारलं. हाडं बळकट व्हावीत म्हणून आम्ही रोज दोन चमचे देत होतो, घरोघरी देतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेल्या खाण्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. वरून दिलेलं जास्तीचं कॅल्शियम लहान वयात आतड्याला अडवता येत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडवतं. बाटली त्याच दिवशी फेकली. वजनही एक किलो जास्त निघालं. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर त्यांच्या आयुष्यभर एक अभ्यास झाला. निम्म्यांना उरलेल्या निम्म्यांच्या खाण्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. ती कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगली आणि त्यांच्या सांध्यांचं दुखणंही बरंच उशिरा आलं. सासूबाईंना हे पटवणं कठीण गेलं. पानातला शेवटचा घास बोंडूचा, हा त्यांचा नेम होता. मी त्यांचा हात धरून बोंडूच्या बरगड्यांवर फिरवला. डोळ्यांना दिसू नयेत पण बोटांना सहज लागाव्यात, अशा बरगड्या हव्यात. त्यानंतर त्या काकडी देऊ लागल्या.

तीन आठवडे सक्तीची विश्रांती. पट्टा लावून शी-शूपुरतं अंगण, बाकी काही नाही. आणि या तीन आठवड्यांत मला त्याच्या नाकाचा शोध लागला.

त्याचं सकाळचं खाणं भांड्यात देणं बंद केलं. पडवीत सुकवून ठेवलेला पातेरा एका टोपलीत भरायचा, त्यात दाणे मिसळायचे आणि टोपली त्याच्यापुढे ठेवायची. वीस मिनिटं तो हुंगत, नाकाने पानं बाजूला करत एकेक दाणा शोधायचा आणि संपल्यावर जाऊन झोपायचा. तासभर चेंडूने जी शांत झोप येत नव्हती ती या वीस मिनिटांनी आली. मग तीन करवंट्या पालथ्या घालून एकीखाली चणे ठेवायचे. धाकटी करवंट्या फिरवायची, तो बरोबर नाक लावायचा. नारळाच्या सोडणाशी मात्र खेळू दिलं नाही. त्याचा काथ्या पोटात गेला तर आतडं अडतं. दोरी ओढायचा खेळही ठेवला, पण त्याची मान सरळ राहील इतक्या खाली धरून, हिसके न देता, आणि दुधाचे दात पडत होते तोवर अगदी हलक्या हाताने.

लंगडणं थांबलं, ऑगस्टअखेर मागच्या उजव्या पायात आठवडाभर पुन्हा आलं, आणि गेलं. सांगितलेलं होतं म्हणून या वेळी घाबरले नाही. हॉलमध्ये जुन्या सतरंज्या आणि रबरी पायपोस पसरून वाट केली. दिसायला घर विचित्र दिसायचं. चतुर्थीला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं की सांगायचे, बोंडूचे पाय घसरू नयेत म्हणून.

पाऊस ओसरला तसा भाट पुन्हा मोकळा झाला. आडवा पडलेला माडाचा खोड, बांधकामाला आणलेल्या रेतीचा ढीग, जमिनीवर टाकलेली फळी, यांवरून त्याला अगदी सावकाश चालवायचे. मागचे पाय नेमके कुठे पडतात हे पिल्लाला ठाऊकच नसतं. असं चालताना ते शिकतं. उडी कुठलीही त्याच्या पुढच्या पायाच्या मनगटाहून उंच नाही. गाडीत चढवायला दोघांनी उचलायचं. फिरून आल्यावर कान, काख आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, कारण पावसानंतरच्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून येणारा ताप वाईट.

दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री, बाहेर गोंगाट म्हणून, पंख्यासोबत रेडिओ लावून त्याला आतल्या खोलीत ठेवलं. बाहेर काही झालं तरी त्याने मान फक्त एकदाच उचलली.

समुद्रावर नेलं नोव्हेंबरमध्ये, दहा महिन्यांचा झाल्यावर. मला वाटायचं वाळू मऊ म्हणजे सुरक्षित. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि स्नायूंना ओढ बसते. भरतीरेषेखालची कडक ओली वाळू जवळजवळ रस्त्यासारखी. मधल्या दमट पट्ट्यात वीस मिनिटं, तीही हुंगत. गोडं पाणी बरोबर न्यायचं. समुद्राचं पाणी प्यायला की रात्रभर जुलाब. रापणीच्या जाळ्यातून टाकलेला केंड मासा वाळूत पडलेला असतो आणि तो जिवावर बेतणारा विषारी, म्हणून "सोड" हा शब्द आम्ही किनाऱ्यावर जायच्या आधी घरी पक्का करून घेतला. शिवाय मांद्रे, मोरजीच्या या पट्ट्यात त्याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याने कुंपण घातलेल्या घरट्यांच्या आसपास पट्टा सोडायचा नाही आणि अंधार पडल्यावर कुत्र्याला किनाऱ्यावर न्यायचंच नाही. हे मी भेटेल त्या कुत्रेवाल्याला सांगते, समोरच्याला आवडो न आवडो.

यंदा एप्रिलअखेर, पंधरा महिन्यांचा असताना, पुन्हा एक्स-रे काढला. त्या काळ्या रेघा नव्हत्या. हाड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पांढरं. वजन २९ किलो. डॉक्टरबाईंनी माझ्याबरोबर पळायला परवानगी दिली, पण एकदम नाही: पहिले पंधरा दिवस दोन मिनिटं पळणं, पाच मिनिटं चालणं, असं तीनदा, एक दिवस आड. ते सकाळी साडेपाचला, शाळेच्या मैदानावर. तिसऱ्या खेपेला तो कधी थांबतो, कधी नाही. थांबला की मीही थांबते.

पायऱ्याही तो आता स्वतः चढतो. मेस्ताला फळी काढायला बोलावलं तेव्हा सासूबाई सोप्यावरून उठून आल्या आणि राहू दे म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्यांना गेल्या पावसाळ्यापासून पायऱ्या जड जातात. सकाळी तुळशीला पाणी घालायला त्या बांबूचा कठडा धरून फळीवरून उतरतात, आणि बोंडू पायऱ्या सोडून त्यांच्या मागोमाग, त्यांच्याच चालीने फळीवरून येतो.